रात्री मागे, दुसऱ्या दिवशी विजयी: न्यू जर्सीच्या २०२१ च्या निकालाचा हिशेब

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, नुकतंच नागरिकत्व मिळालंय आणि २०२६ च्या नोव्हेंबरात ३६ राज्यांत गव्हर्नरच्या निवडणुका आहेत, त्या समजून घ्यायच्या आहेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अजूनही २०२१ चा एक जुना मेसेज फिरतोय: मतदानाच्या रात्री रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटरेली पुढे होते, सकाळी उठून बघतो तर डेमोक्रॅट गव्हर्नर फिल मर्फी पुढे, म्हणजे रातोरात मतं घुसडली. शिवाय जनमत चाचण्या ११ टक्क्यांची आघाडी दाखवत असताना प्रत्यक्षात विद्यमान गव्हर्नर जेमतेम ३ टक्क्यांनी कसे जिंकले, असंही तुम्ही विचारलंय.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मेसेज लिहिणाऱ्याने ते एकत्र कालवलेत. एक मतमोजणीच्या क्रमाचा, दुसरा मतदारांच्या कौलाचा. मी निवडणुकीच्या आकड्यांचंच काम करतो, त्यामुळे दोन्हींसाठी आम्ही कुठला आकडा बघतो ते सांगतो. थोडक्यात: मोजणीच्या रात्री आघाडी बघायची नाही, शिल्लक काय आहे ते बघायचं. आणि विद्यमान उमेदवाराच्या चाचणीत दोघांतलं अंतर बघायचं नाही, त्याची स्वतःची टक्केवारी बघायची.

त्याआधी शब्दाचा एक घोळ काढू. मराठी बातम्यांत कधी कधी ‘न्यू जर्सीचे राज्यपाल’ असं येतं आणि आपल्या डोळ्यांसमोर राजभवन उभं राहतं. तिथला गव्हर्नर हा आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभारी, पण आमदारांनी निवडलेला नव्हे, थेट लोकांनी निवडलेला. जवळची उपमा द्यायची तर थेट निवडून आलेला नगराध्यक्ष: सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचं असलं तरी खुर्ची त्याचीच. न्यू जर्सीत तर हे पद विशेष ताकदीचं आहे. १९४७ च्या राज्यघटनेने महाधिवक्ता, न्यायाधीश, काउंट्यांचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सरकारी वकील या सगळ्यांच्या नेमणुका राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने गव्हर्नरकडे दिल्या. अर्थसंकल्पातली एखादीच ओळ खोडायचा अधिकारही त्याचाच. २००९ पासून लेफ्टनंट गव्हर्नरही निवडला जाऊ लागला, तोवर राज्यपातळीवर लोकांनी निवडलेला राज्य सरकारातला हा एकटाच पदाधिकारी होता. म्हणून मी ‘गव्हर्नर’ हाच शब्द ठेवतो.

आता अंतिम आकडे. २ नोव्हेंबर २०२१ च्या निवडणुकीत मर्फी यांना १३,३९,४७१ मतं मिळाली, चिटरेली यांना १२,५५,१८५. मताधिक्य ८४,२८६. टक्केवारीत ५१.२ विरुद्ध ४८.०. चार वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, याच मर्फींनी रिपब्लिकन किम ग्वाडॅग्नो यांना ३,०३,५२७ मतांनी हरवलं होतं. तेव्हा १४ टक्क्यांचं अंतर होतं, आता ३ चं.

प्रथम रात्रीची गोष्ट. महाराष्ट्रात विधानसभेची मोजणी ज्याने एकदा तरी फेरीवार बघितली आहे, त्याला हे समजायला अवघड नाही. सातव्या फेरीअखेर एक उमेदवार आठ हजारांनी पुढे असतो, कार्यकर्ते गुलाल आणायला पळतात, पण जाणता कार्यकर्ता विचारतो, ‘शहराचे बूथ उघडले का?’ कारण आत्तापर्यंत कुठल्या गावांची यंत्रं मोजली यावर ती आघाडी अवलंबून असते. न्यू जर्सीत फरक एवढाच, की तिथे गावांच्या क्रमाबरोबर मतदानाच्या प्रकाराचाही क्रम असतो. आपल्याकडे टपाली मतं मूठभर, ती मोजणी सुरू होण्याआधी पोचावी लागतात आणि आधी मोजायला घेतात. तिथे टपाली मतं लाखांनी असतात आणि शेवटपर्यंत येत राहतात.

२०२१ मध्ये तीन वाटांनी मत देता येत होतं. मतदानाच्या दिवशी सकाळी ६ ते रात्री ८ केंद्रावर जाऊन, टपालाने (किंवा काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकून), आणि त्या वर्षी प्रथमच, २३ ते ३१ ऑक्टोबर असे नऊ दिवस यंत्रावर आगाऊ. टपाली मतपत्रिकेवर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल, तर ती पुढच्या सहा दिवसांत पोचली तरी ग्राह्य. म्हणजे मतदान संपलं त्या क्षणी काही वैध मतं अक्षरशः टपालगाडीत होती.

टपाली मत मोजायला वेळ का लागतो, हे पाकिटाकडे बघितलं की कळतं. मतपत्रिका आतल्या पाकिटात. त्या पाकिटाला एक प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली, तिच्यावर मतदाराचं नाव, पत्ता, सही. हे सगळं बाहेरच्या टपालाच्या पाकिटात. मोजणीच्या वेळी काउंटीच्या निवडणूक मंडळाचे लोक आधी पट्टीवरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. मंडळावर दोन्ही पक्षांचे सदस्य समसमान असतात. सही पटली की पट्टी कापून वेगळी करतात, म्हणजे नाव आणि मत यांची ताटातूट झाली. मग आतलं पाकीट उघडायचं, घडी पडलेला कागद सपाट करायचा, स्कॅनरमध्ये सरकवायचा. यंत्रावरच्या मताला यातलं काहीच लागत नाही: रात्री ८ ला केंद्र बंद, मतं साठवणारं कार्ट्रिज काढलं, आकडा पुढे. त्यामुळे आधी यंत्राची मतं दिसतात, मागून कागद येतो.

हा क्रम एरवी निरुपद्रवी असता. पण २०२० नंतर दोन्ही पक्षांच्या मतदारांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. डोनाल्ड ट्रम्प यांनी टपाली मतदानावर अविश्वास दाखवल्यामुळे रिपब्लिकन मतदार मोठ्या प्रमाणात केंद्रावर जाऊ लागले आणि टपालाच्या गठ्ठ्यात डेमोक्रॅट मतदार जास्त उरले. म्हणून यंत्राची मतं आधी आली की रिपब्लिकन पुढे दिसणार, कागद मोजला जाईल तसा डेमोक्रॅट वर सरकणार. ही गोष्ट मतदानाच्या आधीपासून माहीत होती.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मॉनमथ काउंटीचा. समुद्रकिनाऱ्यावरची ही काउंटी चिटरेली यांचा गड, तिथे ते आरामात जिंकले. पण बुधवारी, ३ नोव्हेंबरला, त्याच काउंटीतून नवा गठ्ठा मोजून आला आणि राज्यभरातली मर्फी यांची आघाडी कमी होण्याऐवजी वाढली. का? टपाली मतांत मर्फी तिथेही मोठ्या फरकाने पुढे होते. शिवाय शिल्लक मतांत एसेक्स काउंटीची, म्हणजे नेवार्क आणि आसपासची, बरीच मतं होती आणि ती तर डेमोक्रॅटांची हक्काची जागा. विरोधकाच्या गडातलं मतसुद्धा आपली आघाडी वाढवतंय आणि आपला गड अजून पूर्ण उघडायचाय, म्हटल्यावर उलटफेराला वाटच उरत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्या संध्याकाळी मर्फी विजयी झाल्याचं जाहीर केलं, ते याच तर्कावर. भारतात तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची पहाट होती.

हा हिशेब तुम्हाला घरी कागदावर करता येतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ २५,००० मतांनी पुढे आहे आणि १,५०,००० मतं मोजायची बाकी आहेत. मागे असलेल्या ‘ब’ला उरलेल्यांपैकी किती टक्के हवीत? आघाडीला शिल्लक मतांच्या दुपटीने भागा: २५,००० भागिले ३,००,००० म्हणजे ८.३ टक्के. ते ५० मध्ये मिळवा. ‘ब’ला ५८.३ टक्के लागतील. आता बघायचं, की उरलेली मतं कुठली आणि कशा प्रकारची. टपाली गठ्ठ्यांत ‘ब’ला आत्तापर्यंत ६२ टक्के पडत असतील, तर त्या दीड लाखात तो ३६,००० नी पुढे जाईल आणि ११,००० नी जिंकेल, पडद्यावर ‘अ’ कितीही पुढे दिसो. टपालात ५५ टक्केच पडत असतील, तर ‘अ’ सुरक्षित. मोजणीच्या रात्री वृत्तसंस्थांच्या टेबलावर मूळ काम हेच चालतं, फक्त काउंटीनिहाय आणि मतांच्या प्रकारानिहाय.

यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पडद्यावरची ‘इतके टक्के केंद्रं मोजली’ ही पट्टी. ती केंद्रांची टक्केवारी असते, मतांची नव्हे. एखाद्या काउंटीतली सगळी केंद्रं मोजून झाली आणि तिथली टपाली मतं जशीच्या तशी पडून आहेत, असं सहज होतं. पट्टी ९९ दाखवते आणि आपण समजतो की संपलं. त्यात ‘तात्पुरत्या’ मतपत्रिका वेगळ्याच. ज्याने टपाली मतपत्रिका मागवली होती आणि तरी तो केंद्रावर आला, त्याला तिथे यंत्रावर मत देता येत नव्हतं. त्याची मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवायची, टपाली मत आलं नाही ना हे तपासायचं, मगच उघडायची. एका माणसाची दोन मतं होऊ नयेत म्हणूनची ही चाळणी. ती साहजिकच सगळ्यात शेवटी.

मग घुसडण्याचा आरोप. तो करणाऱ्याने हे लक्षात घ्यावं, की संशय ज्या मतांवर घेतला गेला त्या टपाली मतांचा प्रत्येक कागद शिल्लक होता, सहीच्या पट्टीसह. खरी कमजोर बाजू दुसरीकडे होती: काही काउंट्यांत तेव्हा कागदी नोंद न ठेवणारी जुनी यंत्रं होती, आपल्या व्हीव्हीपॅटसारखं काही नसलेली. त्यावर टीका व्हायलाच हवी. पण ती यंत्रं ज्या मतांची, त्यात तर चिटरेली चांगले चालले होते. मतदार यादी बघायच्या नव्या टॅब्लेटना काही केंद्रांवर जोडणी मिळेना, तिथेही लोकांचा खोळंबा झाला. ढिसाळपणा होता, तो लपवायचं कारण नाही. निकाल फिरवल्याचा पुरावा मात्र कोणी दिला नाही. स्वतः चिटरेली यांनी त्याच आठवड्यात समर्थकांना ऑनलाइन अफवांना आणि कटाच्या कहाण्यांना बळी पडू नका असं सांगितलं आणि १२ नोव्हेंबरला पराभव मान्य केला. त्यांना फेरमोजणी मागता आली असती. न्यू जर्सीत ती आपोआप होत नाही. उमेदवाराने न्यायालयात अर्ज करून प्रत्येक मतदान विभागामागे अनामत भरावी लागते. पण फेरमोजणीत सहसा काही शे मतं इकडेतिकडे होतात. ८४,००० मतांचा फरक त्यात मिटत नाही.

इथवर मोजणीचा प्रश्न. आता कौलाचा, आणि मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण विद्यमान उमेदवाराची निवडणूक कशी वाचावी हे यातून कळतं.

मॉनमथ विद्यापीठाची शेवटची चाचणी मर्फी ५० आणि चिटरेली ३९ अशी होती. निकालानंतर सगळे म्हणाले, चाचणी सपशेल चुकली. चाचणी घेणारे पॅट्रिक मरे यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून जाहीर चूक कबूल केली, ही कौतुकाची गोष्ट. पण आकडे परत बघा. मर्फी यांना चाचणीत ५० होते, मिळाले ५१.२. तो आकडा जवळपास अचूक होता! चुकला तो चिटरेली यांचा: ३९ च्या जागी ४८. उरलेले जे ‘अजून ठरवलं नाही’ म्हणत होते किंवा चाचणीच्या जाळ्यात आलेच नव्हते, ते जवळजवळ सगळे आव्हानवीराकडे गेले.

विद्यमान उमेदवाराच्या बाबतीत हे नेहमी ध्यानात ठेवावं. चार वर्षं तो रोज दिसतो, त्यातही कोविडच्या काळात मर्फी राजधानी ट्रेंटनहून सतत पत्रकार परिषदा घेत होते. त्यांना कोण ओळखत नव्हतं? एवढं बघूनही ज्याने ‘हो’ म्हटलेलं नाही, तो बहुधा ‘नाही’ म्हणायच्या वाटेवर असतो, फक्त समोरच्याची ओळख पटायची बाकी असते. न्यू जर्सीत ती ओळख पटायला वेळ लागतो, कारण राज्य न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या वाहिन्यांत वाटलं गेलंय आणि तिथली जाहिरात महाग. म्हणून आव्हानवीराचा आकडा शेवटच्या आठवड्यांत चढतो. विद्यमान उमेदवार चाचणीत ५० किंवा वर असेल तर तो तरेल. ४७ वर असेल तर १० ची आघाडी असली तरी मी त्याला सुरक्षित म्हणणार नाही. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. तिसरा तगडा उमेदवार असेल तर तो कोलमडतो.

दुसरी गोष्ट सहसा सुटते. मर्फी यांची मतं घटली असा समज आहे. ती घटली नाहीत, २०१७ पेक्षा १,३६,३६१ नी वाढली. पण रिपब्लिकन उमेदवाराची ८,९९,५८३ वरून १२,५५,१८५, म्हणजे ३,५५,६०२ नी वाढली. लोकांनी मर्फींना टाकलं, यापेक्षा चार वर्षांपूर्वी घरी बसलेला विरोधक यावेळी बाहेर पडला, हे वर्णन जास्त खरं. ‘नक्की मतदान करणार’ कोण हे ठरवताना चाचणीवाले चुकले ते इथेच.

तो बाहेर का पडला? कोविडमधली बंधनं आणि शाळांतली मास्कसक्ती. घरपट्टीसारखा तिथला प्रॉपर्टी टॅक्स, जो देशात सर्वाधिकांत मोडतो. करांचा दर हाच तुमचा एकमेव मुद्दा असेल तर हे राज्य कदाचित तुमच्यासाठी नाही, अशा अर्थाचं मर्फी २०१९ मध्ये बोलून गेले होते. ते वाक्य चिटरेलींच्या जाहिरातींत वाजत राहिलं. आणि अफगाणिस्तानातून माघारीनंतर अध्यक्ष बायडन यांची लोकप्रियता घसरली होती. त्याच दिवशी व्हर्जिनियात डेमोक्रॅट हरले (तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहताच येत नाही, त्यामुळे विद्यमान उमेदवार नव्हताच). न्यू जर्सीतच राज्य सिनेटचे डेमोक्रॅट अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी यांना एडवर्ड डर या रिपब्लिकन ट्रकचालकाने हरवलं. पद हे कवच नव्हे, याचं याहून ठळक उदाहरण मिळणार नाही.

मग मर्फी टिकले कसे? याचं एक कारण सांगणं धाडसाचं होईल, पण पाया रुंद होता हे नक्की. राज्यात नोंदणीकृत डेमोक्रॅट रिपब्लिकनांपेक्षा दहा लाखांहून जास्त, आणि वर्षभर आधी बायडन तिथे सुमारे १६ टक्क्यांनी जिंकले होते. १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा आणि दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नाला वाढीव कर, हे त्यांच्या मतदाराला दाखवता येण्यासारखं काम होतं. वारा विरोधात असताना काठावर का होईना तरणं हीसुद्धा त्या राज्यात विरळा गोष्ट. ब्रेंडन बर्न यांच्या १९७७ च्या विजयानंतर कुठलाच डेमोक्रॅट गव्हर्नर तिथे पुन्हा निवडून आला नव्हता: फ्लोरिओ १९९३ मध्ये आणि कॉर्झाइन २००९ मध्ये पदावर असतानाच हरले. आणि १९८९ पासून २०१७ पर्यंत सलग आठ निवडणुकांत व्हाइट हाउस ज्या पक्षाकडे, त्याने न्यू जर्सी गमावली होती. २०२१ मध्ये ती साखळी तुटली. २०२५ मध्ये मुदतीच्या मर्यादेमुळे मर्फी उभे राहू शकत नव्हते. मिकी शेरिल यांनी चिटरेलींना हरवलं आणि अध्यक्षांच्या पक्षाचा उमेदवार पुन्हा पडला.

हे सगळं जसंच्या तसं दुसऱ्या राज्याला लावू नका. फ्लोरिडात टपाली मतं मतदान संपायच्या आत पोचावी लागतात आणि आधीच तपासून ठेवतात, त्यामुळे तिथे चित्र रात्रीच बरंचसं स्पष्ट होतं. कॅलिफोर्नियात आठवडे लागतात. फ्लोरिडा आणि पेनसिल्वेनियात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर फेरमोजणी कायद्यानेच सुरू होते. जॉर्जियात ५० टक्के ओलांडले नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. म्हणून राज्य निवडलंत की आधी तीन गोष्टी टिपून ठेवा: टपाली मत कधीपर्यंत ग्राह्य, कुठल्या प्रकारची मतं आधी जाहीर होतात आणि विद्यमान उमेदवाराचा शेवटच्या दोन-तीन चाचण्यांतला स्वतःचा आकडा.

तुमच्या स्वतःच्या मताबद्दलही विचारलंत. न्यू जर्सीत नोंदणी मतदानाच्या २१ दिवस आधी व्हायला हवी. टपालाने देणार असाल तर प्रमाणपत्राची पट्टी फाडू नका. पाकीट नीट दिसावं म्हणून लोक ती काढून टाकतात आणि मत बाद होतं. सही नोंदणीच्या वेळी केली तशीच करा. आपल्याकडे अनेकांची एक सही मराठीत आणि एक इंग्रजीत असते, तिथे गफलत होते. सही पटली नाही तर काउंटी पत्र पाठवते आणि दुरुस्तीची संधी देते. ते पत्र जाहिरातींच्या ढिगात टाकून देऊ नका, त्याला मुदत असते.

पाकीट टपालपेटीपेक्षा काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये, मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत टाकलंत, तर शिक्का कुठल्या तारखेचा बसला हा प्रश्नच उरत नाही.